दोनदा की सहादा हे नंतर, आधी घरी किती वाजता पोचता ते बोला

आपल्याकडे वजन आणि शुगरचा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक दोनवाल्यांचा, दुसरा दर दोन तासांनी खाणाऱ्यांचा. दोनवाले म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, मधे ताक नाहीतर बिनसाखरेचा चहा, बस. दुसरे म्हणतात उपाशी राहू नका, थोडं थोडं खात राहा, मूठभर दाणे, एक केळं, आणि तुपाला घाबरू नका. दोनवाल्यांचे डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि दुसऱ्यांच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर या दोन नावांवरून मराठी घरांत जेवढी भांडणं झालीयत तेवढी इलेक्शनवरून पण झाली नसतील, फॅमिली ग्रुपवर मामा एक व्हिडिओ टाकतो, आत्या दुसरा टाकते, मग कुणाचं तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) कितीवरून कितीवर आलं त्याचा रिपोर्ट पडतो आणि विषय संपला असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं असंय की हे भांडणच चुकीच्या प्रश्नावर चाललंय. किती खाता हे पहिलं, केव्हा खाता हे दुसरं, आणि किती वेळा खाता हे त्यानंतर कुठेतरी लांब. आणि त्यातलं जे 'केव्हा' आहे ते बहुतेक लोक स्वतः ठरवतच नाहीत, ते ठरतं ऑफिस सुटण्यावर, लोकलवर आणि घरात गॅससमोर कोण उभं राहतं त्यावर. त्यामुळे ज्याला आपण डाएटचा वाद म्हणतो तो निम्म्याहून जास्त कामाच्या तासांचा वाद आहे, आणि तो त्या नावाने कुणी घालत नाही.

आधी दोनवाल्यांचं श्रेय त्यांना देऊन टाकतो. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली कल्पना, ते २००४ मध्ये अपघातात गेल्यावर दीक्षितांनी गावोगाव नेली, फुकट नेली, हे साधं काम नाही. या सल्ल्याची खरी ताकद 'दर खाण्याला इन्सुलिन वाढतं' या थिअरीत नाहीये, ती नियमाच्या सोपेपणात आहे. कॅलरी मोजणं सामान्य माणसाला जमत नाही, 'दोनदा' मोजणं जमतं. आणि त्या एका नियमाने आपल्या दिवसातलं काय काय गळून पडतं बघा: सकाळचा चहा-खारी, अकराचा चहा-बिस्किट, चारचा चहा आणि त्यासोबत ड्रॉवरमधला चिवडा, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक-समोसा-वेफर्सचा कागदी प्लेटमधला सेट, सातला स्टेशनबाहेर वडापाव, आणि रात्री जेवण झाल्यावर पोरांनी ताटात टाकलेलं 'वाया नको' म्हणून. यातलं जेवण सोडून एकही गोष्ट आपण 'खाल्लं' या सदरात धरत नाही. मूळचे ओडिशाचे आणि आता अमेरिकेत असलेले संशोधक सच्चिदानंद पांडा यांनी २०१५ मध्ये दीडशेच्या वर अमेरिकन लोकांना प्रत्येक खाण्यापिण्याचा मोबाईलवर फोटो काढायला लावला, तर निम्म्याहून जास्त लोकांचं तोंड दिवसाचे पंधरा तास किंवा जास्त चालू होतं. आपल्याकडे चहा धरला तर वेगळं काही निघेल असं मला वाटत नाही. दिवेकरांच्या बाजूचं श्रेयही मोठंय, क्रॅश डाएट करून भात आणि तुपाला विष समजणाऱ्या एका अख्ख्या पिढीला त्यांनी घरच्या ताटाकडे परत आणलं. म्हणजे दोघांनीही लोकांचं भलं केलंय, फक्त दोघांचे भक्त ज्यावरून भांडतात त्यामुळे ते झालेलं नाही.

आता या भांडणात नेमका कामाला येईल असा एक अभ्यास प्रागमध्ये झाला, २०१४ साली छापून आला. टाईप टू डायबेटिसचे ५४ पेशंट, प्रत्येकाने बारा आठवडे दिवसातून सहा छोटी जेवणं घ्यायची आणि बारा आठवडे फक्त दोन मोठी, कॅलरी दोन्हीकडे सारख्याच. दोनदा जेवताना वजन सरासरी ३.७ किलो उतरलं, सहादा खाताना २.३ किलो, लिव्हरमधली चरबी पण दोनमध्येच जास्त घटली. दोनवाल्यांनी हा अभ्यास खुशाल मिरवावा. पण ती दोन जेवणं कुठली होती? सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्रीचं जेवणच नव्हतं! मग जिंकलं कोण, 'दोनदा' की 'लवकर'? या अभ्यासातून ते वेगळं काढता येत नाही, आणि आपल्याकडे दोनदा जेवणारा माणूस कुठल्या दोन वेळा निवडतो? दुपारी एक आणि रात्री दहा. नियमात ते बसतं, कारण नियम म्हणतो तुम्हाला कडकडून भूक लागते त्या दोन वेळा शोधा, आणि दिवसभर चहावर काढलेल्या माणसाला कडकडून भूक रात्री घरी आल्यावरच लागणार.

रात्रीच्या जेवणाचं काय वाकडं आहे म्हणाल तर शरीराला घड्याळ आहे ही आता वादाची गोष्ट राहिलेली नाही, फळमाशीत ती यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालंय. मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं, लिव्हर आणि स्वादुपिंडाची आपापली घड्याळं बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर चालतात. अंधार पडला की मेलाटोनिन वाढायला लागतं, आणि ते झोप आणतं तसं इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींनाही आवर घालतं. म्हणून सकाळी खाल्लेली पोळी-भाजी आणि रात्री दहाला खाल्लेली तीच पोळी-भाजी, यात रात्रीची साखर जास्त चढते आणि जास्त वेळ वर राहते. इस्रायलमध्ये ९३ लठ्ठ बायकांवर बारा आठवडे प्रयोग झाला, सगळ्यांना दिवसाला १४०० कॅलरी, फरक एवढाच की एका गटाला त्यातल्या ७०० सकाळी आणि दुसऱ्याला ७०० रात्री, सकाळवाल्यांचं वजन ८.७ किलो उतरलं आणि रात्रवाल्यांचं ३.६. एवढा मोठा फरक सगळीकडे दिसत नाही हे लगेच सांगितलं पाहिजे. स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये २०२२ मध्ये ३० जणांवर असाच प्रयोग मोजूनमापून केला तर वजनात फरक शून्य, मात्र सकाळी जास्त खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागत होती. त्याच वर्षी बोस्टनमध्ये १६ जाड्या लोकांना तेच जेवण चार तास उशिरा दिलं तर भूक वाढली आणि शरीर कमी कॅलरी जाळायला लागलं. भूक कमी लागणं ही किरकोळ गोष्ट नाहीये राव, ज्याने कधी डाएट केलंय त्याला विचारा.

समोरच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा असा की हे सगळं घड्याळाचं कौतुक ठीक आहे, पण मोठ्या चाचण्यांत त्याचं पाणी पाणी होतं. खरंय. चीनमध्ये ग्वांगझू इथे १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर कमी कॅलरीचा आहार दिला, त्यातल्या निम्म्यांना वर सांगितलं की सकाळी आठ ते दुपारी चार यातच खायचं. वर्षाअखेर वेळ पाळणाऱ्यांचे ८ किलो गेले, न पाळणाऱ्यांचे ६.३, आणि हा फरक आकडेशास्त्राच्या हिशोबात फरक म्हणून धरता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ११६ जणांच्या २०२० च्या चाचणीत आठ तासांची खिडकी, म्हणजे खाणं त्या आठ तासांतच, पाळून वजनात बाकीच्यांपेक्षा काहीच वेगळं झालं नाही, उलट स्नायू जास्त घटल्याची शंका आली. म्हणजे कॅलरी मोजूनच द्यायच्या असतील तर घड्याळ फार काही भर घालत नाही, हे मी मान्य करतो, आणि 'सातच्या आत जेवा मग काहीही खा' सांगणारा माणूस थापा मारतोय हेही मान्य करतो.

पण या दोन चाचण्या नीट बघा. सॅन फ्रान्सिस्कोची खिडकी दुपारी बारा ते रात्री आठ होती, म्हणजे सकाळ कापली आणि रात्र ठेवली, ज्या वेळेला शरीर इन्सुलिनला नीट ऐकतं तीच वेळ काढून टाकली. आणि ग्वांगझूचे लोक मुळातच दहा-साडेदहा तासांत खाणं आटपणारे होते, त्यांना आठवर आणून किती फरक पडणार? सकाळी सातचा चहा ते रात्री साडेदहाचा भात अशा माणसाला त्यात बसवता येत नाही. शिवाय वजन हीच एकमेव फूटपट्टी का? अमेरिकेतल्या अलाबामात २०१८ मध्ये प्रीडायबेटिसच्या, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या, आठ पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनच्या आत सगळं खायला लावलं, वजन घटू नये म्हणून खाणं पुरेपूर दिलं, तरी इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि बीपी उतरलं. आठच माणसं, त्यावर इमला बांधू नये, पण दिशा कळते. आणि आपल्याला तर वजनकाट्याच्या पलीकडे बघायलाच हवं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या हिशोबात वजन) २२.३, चरबी मात्र ब्रिटिशाच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपण बारीक दिसूनही आतून जाडे असतो, आणि २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर डायबेटिसवाले आणि १३ कोटींवर प्रीडायबेटिसवाले निघाले ते काय सगळे ढेरपोटे नाहीयेत.

जाता जाता, उपवासाला नोबेल मिळालं हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमींना पेशी स्वतःचा कचरा कसा पचवतात त्यावर मिळालं आणि त्यांचं मूळ काम यीस्टवर होतं, एकादशीवर नाही. तसंच २०२४ मध्ये 'आठ तासांत जेवणाऱ्यांना हार्टने मरायचा धोका ९१ टक्के जास्त' अशी बातमी फिरली ती अमेरिकन लोकांना दोन दिवस काय खाल्लं एवढं विचारून काढलेला संबंध होता, कारण नव्हे. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या चालू असलेल्यांनी व्हिडिओ बघून जेवण गाळू नये, साखर धाडकन खाली येते, हे दोन्ही बाजूच्या भक्तांनी रोज ओरडून सांगायला हवं.

मग पुढचा मुद्दा येतो तो पूर्वजांचा. आमची आजी दिवेलागणीला जेवायची, तिला कुठे होती शुगर. यात तथ्य आहे, पण अर्धंच. आजी दिवेलागणीला जेवायची कारण रॉकेल महाग होतं आणि पहाटे उठून दळायचं होतं. दोनदा जेवायची कारण अनेक घरांत तिसऱ्यांदा जेवायला नव्हतं, त्याला डाएट म्हणायचं का? लवकर जेवणं तिच्यासाठी निश्चयाचा विषय नव्हता, सगळं गावच तेव्हा जेवत होतं, आणि हाच त्यातला घेण्यासारखा भाग आहे. चौविहार पाळणारी जैन कुटुंबं बघा. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही, इतका कडक नियम मुंबईसारख्या शहरात हजारो लोक पाळतात, बाजारपेठांच्या भागात संध्याकाळी चौविहाराच्या जेवणाची सोय असते, दुकानातली माणसं आळीपाळीने जाऊन जेवून येतात, आणि गिऱ्हाईकाला पण ते माहीत असतं. त्यांच्यात डायबेटिस नाही असं कुणी म्हणू नये, तो आहेच, कारण ताटात काय आणि किती हा पहिला प्रश्न घड्याळाने सुटत नाही. पण वेळ पाळण्यापुरतं बघितलं तर तिथे मनोनिग्रहाला अख्ख्या समाजाची व्यवस्था टेकू देते. गांधीजींनी १९१५ च्या हरिद्वारच्या कुंभात दिवसात पाचच पदार्थ खायचे आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही असं व्रत घेतलं आणि निभावलं, मोठी गोष्ट आहे, पण त्यांच्या पाठीशी आश्रम होता आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ ते स्वतः ठरवत होते. बदलापूरच्या माणसाने काय करायचं?

बदलापूरचीच बाई घ्या. फोर्टातलं ऑफिस साडेसहाला सुटतं म्हणतात, सुटतं सातला. सीएसएमटीवरून गाडी पकडायची, लेडीज डब्यात सीट मिळाली तर पिशवीतून मेथीची जुडी काढून तिथेच निवडायची, देठं एका कॅरीबॅगमध्ये, पानं दुसऱ्या, शेजारची पण हात लावते. घरी साडेआठ-पावणेनऊ, पर्स टेकवून हात धुतला की कुकर, मग कणीक, मग पोळ्या. नवरा-पोरं साडेनऊला जेवतात, सासूबाईंना त्याआधी गरम वाढायचं असतं, आणि ही दहाला कढईत उरलेली भाजी पुसून घेत जेवते, अकराला आडवी, पहाटे पाचला परत डबे. हिला डॉक्टर सांगतात वजन वाढलंय, प्रीडायबेटिस आहे, रात्रीचं जेवण सातला घ्या. सातला ती अजून फोर्टात ऑफिसच्या दारातच असते हो. सल्ला शास्त्रशुद्ध आहे, फक्त ज्या माणसाला दिला त्याच्या दिवसात त्याला जागा नाही, आणि मग पाळला गेला नाही की दोष तिच्या आळसाचा.

यावर उत्तर येतं की मग संध्याकाळचा दुसरा डबा न्यावा, साडेसहाला ऑफिसातच खरं जेवण करावं, वडापाव आपोआप सुटेल, रात्री घरी येऊन वाटीभर आमटी, दोनवाल्यांनी फक्त ताक. हे उत्तर मला आवडतं आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी उद्यापासून करावं, दोनवाल्या-सहावाल्यांच्या कुठल्याही नियमाला त्याने धक्का लागत नाही. पण दुसरा डबा पहाटे कोण करणार? परत तीच. आणि साडेसहाला टेबलावर डबा उघडून बसलं तर साहेबाचा चेहरा कसा होतो? 'केव्हा' हा प्रश्न कितीही फिरवला तरी घरात बाईपाशी आणि बाहेर मालकापाशी येऊन थांबतो.

आणि मालकापाशी हा प्रश्न नेणारे आपण पहिले नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार वेळेवर, जखमी झाला तर भरपाई. रविवारच्या सुट्टीसाठी आपण लोखंड्यांचं नाव घेतो, ती १० जून १८९० ला मिळाली, पण त्या यादीतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीकडे बघा, माणसाला दुपारी जेवायला वेळ मिळावा आणि अंधार पडायच्या आत तो कारखान्यातून सुटावा. तेव्हाही म्हणणारे असतीलच की कामगाराने आपला आहार स्वतः सांभाळावा. नाही सांभाळता येत, भोंगा दुसऱ्याच्या हातात असला की. म्हणूनच १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये पाच तासांच्या वर सलग काम नको, मधे अर्धा तास सुट्टी हवी, अडीचशेच्या वर कामगार असतील तर कॅन्टीन हवं असं लिहिलं गेलं. म्हणजे जेवायची वेळ हा कायद्याचा विषय आपण शंभर वर्षांपूर्वीपासून मानत आलोय, मग दुपारचं जेवण तेवढं कामगार चळवळीचं आणि रात्रीचं जेवण ज्याच्या त्याच्या डाएटिशियनचं, ही वाटणी कुणी केली?

सगळ्यांनी सूर्यास्ताला जेवायचं तर हॉस्पिटलं, पोलीस स्टेशनं, एसटी आणि हिंजवडीतले अमेरिकेच्या वेळेवर चालणारे प्रोजेक्ट कोण चालवणार, हा आक्षेप रास्त आहे. रात्रपाळी जाणार नाही. पण तिथेही करता येण्यासारखं आहे. २०२१ मध्ये प्रयोगशाळेत १९ तरुण, निरोगी लोकांना रात्रपाळीसारखं जागवलं, एका गटाला रात्रीही जेवायला दिलं, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, दिवसाच जेवणाऱ्यांची अजिबात वाढली नाही. छोटा प्रयोग आहे, तरी रात्री दोन वाजता नर्सेसना आणि कॉल सेंटरच्या पोरांना बिर्याणी आणि पिझ्झा 'वेल्फेअर' म्हणून वाटणाऱ्यांनी तो वाचायला हरकत नाही. पाळीवर जायच्या आधी संध्याकाळी नीट जेवायची सोय करा, रात्री हलकं ठेवा, याला नवी यंत्रणा लागत नाही.

गंमत अशी की याच महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दुकानं आणि खासगी आस्थापनांतले रोजचे तास ९ वरून १० आणि कारखान्यांतले ९ वरून १२ करायला मंजुरी दिली, दुकान-आस्थापनांत विश्रांतीआधीचे सलग तास ५ वरून ६ झाले. युनियनवाले बोलले, उद्योगवाले बोलले. डाएटवाल्या मंडळींपैकी, जी एका केळ्यावरून आठवडाभर भांडू शकते, तिच्यातून कुणी मोठ्याने विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही की हा वाढलेला तास नेमका कुठून कापला जाणार. तो संध्याकाळचाच आहे. सरकारने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी डॉक्टरांना ॲम्बॅसेडर नेमून झालं, आता असे तास वाढवताना आरोग्य खात्याचा एक कागद त्या फाईलला जोडायला लावा, संध्याकाळी सहानंतर माणसं थांबवायची असतील तर सात वाजता बसून जेवायची अर्धा तास सुट्टी आणि गरम जेवण सक्तीचं करा, मध्य रेल्वे गर्दीसाठी ऑफिसांना वेळा पुढेमागे करायला सांगते तेव्हा त्यात हा मुद्दाही घाला. मामा आणि आत्याने तोवर ग्रुपवर भांडत राहायला माझी ना नाही, फक्त पुढचा रिपोर्ट टाकताना त्यावर रात्री किती वाजता जेवता आणि ते रांधतं कोण हे पण लिहा.